जाधवकाकांची लांब वायर

मंडळी, आज सकाळी बोटभर यूएसबी वायफाय अडॅप्टरने मला पार दमवलं.

माझा जुना लिनक्स लॅपटॉप त्याला ओळखेचना. त्याचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर टाकायला नेट हवं, आणि नेटसाठी अडॅप्टर चालायला हवा. मोबाइलचं नेट घ्यायला तो जोडून बघितला, तर केबल फक्त चार्जिंगची निघाली. राउटर माळ्यावर, तिथून खाली पोचेल एवढी लांब नेटची वायर घरात नव्हती.

शेवटी शेजारच्या जाधवकाकांकडे मागितली. त्यांनी भलंमोठं भेंडोळं काढून दिलं आणि पाच मिनिटांत ड्रायव्हर बसला.

परत करताना सहज विचारलं, "काका, एवढी लांब कशाला घेतली होतीत?"

"आमच्या पोरीच्या, पूजाच्या बारावीला. गॅलरीच्या टोकाला माझा भाऊ राहतो ना, त्याच्याकडून नेट ओढलं होतं."

काका अगदी साधेपणाने बोलले. मला मात्र आठवलं. त्या वर्षी आधी त्यांनी माझाच पासवर्ड मागितला होता. 'ऑफिसचं नेट आहे, देता येत नाही,' असं मी खोटंच सांगितलं होतं. आमच्या खोल्यांमध्ये एकच भिंत आहे.

"राहू दे तुझ्याकडेच," काका म्हणाले. "पुन्हा लागेल तुला."

आता त्यांच्याकडे स्वतःचं वायफाय आहे. माझ्या पासवर्डची त्यांना गरज नाही. तरी जाऊन खरं सांगावं का? तुम्ही काय केलं असतं?