कुंपणाच्या आतली विहीर

त्या उन्हाळ्यात मी रोज कुणावर तरी ओरडत होते. आधी तोंड सुटायचं, मग डोकं चालायचं.

बोरीवलीच्या मागे डोंगरात, तलावाच्या काठावर एक सरकारी शिबिरस्थळ होतं. बावीस तंबू, स्वयंपाकाची शेड, संडास-मोऱ्यांची रांग आणि भोवती तारेचं कुंपण. शाळांच्या सहली, ऑफिसांची मंडळं, कधी एखादं कुटुंब पास काढून दोन-तीन दिवस राहायला यायचं. मी तिथली व्यवस्थापक. खात्यातल्या एकाही पुरुषाला इतक्या आडबाजूला बदली नको होती, म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. नवऱ्याची गिरणी बंद पडून तीनेक वर्षं झाली होती, तो मालाडला एका गोदामात कामाला लागला होता, दोन मुली शाळेत होत्या. नाही म्हणायची सोय नव्हती.

तलाव समोर दिसायचा, पण त्याच्या पाण्याला हात लावायला बंदी. ते शहराचं पिण्याचं पाणी. आम्हाला पाणी यायचं नळाने. आदल्या वर्षी पाऊस नीट झाला नव्हता, त्यामुळे मार्चपासून नळ सकाळी अर्धा तास यायला लागला, एप्रिलमध्ये दिवसाआड. तलाव मागे मागे सरकला आणि काठाच्या चिखलाला भेगा पडल्या. लोक यायचे, हवा छान आहे म्हणायचे, मोरीत जाऊन नळ फिरवायचे आणि तसेच माझ्यावर धावून यायचे. "मॅडम, समोर एवढं पाणी आणि नळाला थेंब नाही?" दिवसातून दहा वेळा हेच. मी वरच्या ऑफिसला लिहिलं, पाऊस पडेपर्यंत पास देणं थांबवा. उत्तर आलं की पास चालू राहतील. आवारातली विहीर फक्त शिबिरार्थींसाठी राखून ठेवावी आणि झाकणाला कुलूप लावावं.

मी लावलं. विहीर लहान होती, तळाला गुडघाभर पाणी. उपसलं की तेवढंच पुन्हा झिरपायला दुपार जायची.

आमच्याकडे झाडायला पाड्यावरची एक बाई यायची. पाडा म्हणजे कुंपणापलीकडे टेकाडावरची पंधरा-वीस घरं. ती माझ्याच वयाची, रोजंदारीवर होती. तंबूंमधली जागा झाडायची, चुलींतली राख काढायची. सकाळी मी चहा केला की आम्ही दोघी शेडच्या पायरीवर बसून प्यायचो. बोलायची कमी, पण माझ्या मुलींची चौकशी करायची. तोवर पाड्यावरच्या बायकाही त्याच विहिरीचं पाणी भरायच्या. कुलूप लागल्यावर तिने एवढंच विचारलं, "आणि आम्ही?" मी म्हटलं, "ऑर्डर आहे गं, मी काय करू?" तिने कप धुवून ठेवला आणि झाडू उचलला.

मे महिन्यात एका ऑफिसचं मंडळ आलं. त्यांच्यातला एक गृहस्थ स्वतःची गाडी घेऊन आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हा माणूस विहिरीच्या पाण्याने भरलेल्या बादल्या घेऊन गाडी धुतोय. तीन बादल्या! स्वयंपाकाला म्हणून मी स्वतः मोजून काढून दिलेलं पाणी.

"अहो, हे काय चाललंय?" मी म्हटलं.

"धूळ किती आहे तुमच्या रस्त्याला," तो म्हणाला. मी आवाज चढवला तसं त्याने खिशातून पास काढला आणि आमच्या साहेबांचं नाव घेतलं. साहेब त्याच्या मेव्हण्याचे मित्र. "फोन लावू का त्यांना?"

माझी नोकरी माझ्या डोळ्यांसमोर आली. तो फडका पिळून पुन्हा काच पुसायला लागला आणि मी तिथून निघाले. कानशिलं तापली होती.

शेडच्या मागे वळले तर विहिरीपाशी ती, आमची झाडणारी. स्वयंपाकाचं पाणी काढून झाल्यावर कुलूप लावायचं माझ्याकडून राहिलं होतं. तिने पोहरा सोडला होता आणि कठड्यावर तिचा पितळी हंडा अर्धा भरलेला होता.

सकाळपासून जे कुणाला बोलता आलं नव्हतं ते सगळं मी तिला बोलले. चोर म्हटलं. "तुला चहा पाजते त्याची ही परतफेड?" असं म्हटलं. हे वाक्य मला आजही शब्दन् शब्द आठवतं. मी हंडा ओढला, पाणी विहिरीत ओतलं, आणि हंडा जप्त म्हणून कोठीत ठेवून कडी लावली. तिने पोहऱ्याची दोरी नीट गुंडाळून ठेवली.

मंडळातले चार-पाच जण बघत उभे होते. त्यांतला तो गाडीवाला ओला फडका हातात घेऊन पुढे आला. "बरोबर केलंत, मॅडम. या लोकांना असंच पाहिजे."

ज्याच्यावर ओरडायचं होतं तोच मला शाबासकी देत होता. त्याच क्षणी कोठी उघडून हंडा तिच्या हातात द्यायला हवा होता. नाही दिला. एवढ्या लोकांसमोर माघार कशी घ्यायची!

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली. झाडलं, राख काढली, चहाला थांबली नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. मंडळ निघून गेलं. पाड्यावरच्या बायका खालच्या नाल्यात खड्डे खणून वाटी-वाटीने पाणी भरताना दिसायच्या, आणि ती तेलाचा पत्र्याचा डबा घेऊन त्यांच्यात बसलेली असायची. चौथ्या दिवशी मीच म्हटलं, "हंडा घेऊन जा."

तिने झाडणं थांबवलं नाही. "तुम्ही नेला, तुम्हीच आणून द्या."

माझा संताप झाला. व्यवस्थापकाशी असं बोलायचं? दुपारपर्यंत मी धुमसत राहिले. मग कोठी उघडली, विहिरीवर जाऊन हंडा गळ्यापर्यंत भरला आणि कमरेवर घेऊन टेकाड चढायला लागले. सवय कुठे होती! पाणी डचमळून साडी भिजली, दोनदा हंडा खाली ठेवून दम खाल्ला. वर पोचले तेव्हा तो जेमतेम निम्मा होता.

ती दारातच होती. तिने हंडा घेतला, आत डोकावून पाणी बघितलं आणि घरात नेला. ओसरीवर तिचा म्हातारा सासरा बसला होता. मला वाटलं तो हात तरी जोडेल. त्याने विचारलं, "विहिरीला पाणी लागतंय का अजून?"

"थोडं."

"माझ्या भावानं आणि मी खणली ती. खाली दगड लागला तेव्हा भावाचं बोट गेलं. मग तुमचं कुंपण आलं."

मी खाली येऊन आमचं जुनं रजिस्टर काढलं. तिथे लिहिलेलं होतं: विहीर, एक. कुणाची, कुणी खणली, काही नाही.

दुसऱ्याच दिवशी मी ऑफिसात साहेबांसमोर उभी राहिले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, कागदावर विहीर आपली आहे."

"साहेब, खणणारा माणूस अजून जिवंत आहे."

"मग त्याला अर्ज करायला सांगा."

"त्याला लिहिता येत नाही. आणि अर्ज तुमच्याकडे पोचेपर्यंत उन्हाळा संपेल."

"तुम्ही भावनेच्या भरात बोलताय," ते म्हणाले आणि घंटी वाजवून पुढच्या माणसाला आत बोलावलं.

परत येऊन मी कुलूप काढलं. सकाळी आठपर्यंत पाड्याने पाणी भरायचं, उरलं तर आपलं, असं ठरवलं. फाटकावर खडूने लिहिलं: पाणी नाही, शिबीर बंद. पास घेऊन आलेली दोन मंडळं परत पाठवली. त्यांनी मला शिव्या दिल्या. त्या मी निवांत ऐकून घेतल्या.

मेमो पंधरा दिवसांत आला. आदेशाचा भंग, जनतेची गैरसोय. जूनअखेर माझी बदली घाटकोपरच्या ऑफिसात झाली, आवक-जावक टेबलावर. नवरा म्हणाला, "एवढं करून काय मिळालं तुला?" मी त्याच्यावरही ओरडले.

पुढच्या उन्हाळ्यात न राहवून एका रविवारी तिकडे गेले. विहिरीवर सिमेंटचा स्लॅब पडला होता, पंप बसला होता आणि पाइप सरळ मोऱ्यांच्या टाकीत गेला होता. तंबू भरलेले होते. ती संडासांच्या बाजूला झाडत होती. मला बघून थांबली.

"परत येणार का इथे, कामावर?" तिने विचारलं.

"नाही गं. बदली झाली ना."

"मग कशाला आलात?"

ती खाली वाकून झाडायला लागली. मी स्टेशनपर्यंत चालत आले, आणि वाटेत सापडेल त्या प्रत्येक दगडाला लाथ मारत आले.