चौतीस इंच

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये एका जीन्सच्या कारखान्यात मी स्टॉक शोधायचा प्रोग्राम बसवला होता. मी चालवला की नीट चालायचा, मी गेलो की बंद पडायचा. माझा सगळा संशय कॉम्प्युटरवर बसणाऱ्या बाईंवर. आधी माल त्याच शोधून द्यायच्या. नोकरी जाईल म्हणून मुद्दाम बिघडवत असणार.

एक दिवस चहाचा ग्लास घेऊन त्यांच्या मागेच बसलो. त्यांनी कमरेचं माप टाकलं, ३४", आणि प्रोग्राम अडकला. या धंद्यात आकड्यापुढे इंचाच्या दोन रेघा देतातच. माझा प्रोग्राम मात्र टाइप केलेलं माप दुहेरी अवतरणचिन्हांत घालून डेटाबेसकडे पाठवायचा, आणि डेटाबेस त्या रेघांनाच अवतरणाचा शेवट समजायचा. तपासताना मी कायम नुसता आकडा टाकला होता.

‘रेघा कशाला देता?’ मी चिडून म्हणालो.

बाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. ‘पहिल्याच दिवशी शेठना सांगितलं होतं मी,’ त्या म्हणाल्या. ‘या माणसाला जीन्समधलं काही कळत नाही, जरा लक्ष ठेवा.’