धुऱ्यावर पालथा पडणारा माणूस

रोज सकाळी तो माणूस आमच्या घरामागच्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, त्या मातीच्या बांधावर, पोटावर पडून राहे. शर्ट चिखलानं भरलेला, बाजूले एक बॅग. कोण, कुठचा, काही माहीत नव्हतं. मोबाईलवर पोरं पळवणाऱ्या टोळीपासून सावध राहा असा मेसेज आलेला, घरात दुसरं कोणी नव्हतं, अन् त्या दिवशी माही पोरगी त्याच्याच मांगं जाऊन उभी राह्यली.

मी धान कापाचा इळा उचलला अन् धावत सुटली. पोरीले मांगं ओढलं अन् इळा उगारला.

"ओ भाऊ! कायले आले तुमी इथं?"

इळ्याची सावली त्याच्यापुढं पडली, पर त्यानं मान वळवली नाही. कॅमेरा डोळ्याले लावूनच हळू बोलला, "वहिनी, विळा तसाच धरा. फक्त हलू नका, तो उडून जाईल."

"कोण तो?"

"चतुर."

धानाच्या पातीवर हेलिकॉप्टर बसलं होतं, आमी त्या किड्याले तसंच म्हणतो. पंख बुडाशी काळेशार, मंग पांढरा पट्टा, टोकाले काचेसारखे. बांधीच्या पाण्यातच जन्मते म्हणे, अन् तिथंच आसपास राहाते. ते उडालं अन् थेट इळ्याच्या टोकावर येऊन बसलं. पोरगी खदखदून हासली. मी हात हालू देला नाही.

फोटो झाल्यावर तो उठला अन् हात जोडले.

"उद्यापासून आधी दारात आवाज द्याचा," मी म्हटलं. "नाहीतं मारीन."

आता तो रोज रस्त्यावरूनच ओरडते, "वहिनी, आलो!" मी पोरीले मांडीवर घेऊन दारात बसते, अन् तो जाईपर्यंत उठत नाही. चांगला माणूस हाय, मले समजते. पर पोरगी माही हाय.