काकांच्या डोक्यात शिरायची परवानगी

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांइतका स्वतःच्या आजाराचा अभिमान असलेला माणूस बोईसरमध्येच काय, अख्ख्या पालघर जिल्ह्यात सापडणार नाही. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत चुन्यासारखी कडक गाठ निघाली, डॉक्टर "फार दुर्मिळ" म्हणाले, आणि काकांनी ते वॉचमनपासून एडवणच्या मासेवालीपर्यंत सगळ्यांना ऐकवलं. जन्मभर कारखान्यात बॉयलर फिटर. "पाइपात क्षार धरतो ना, तसंच हाय. पाणी तुंबलं की डोकं ठणकणारच!" भाजीवाल्याला तर त्यांनी एमआरआयची फिल्म उन्हात धरून दाखवली. त्याने भक्तिभावाने पाहून विचारलं, "काका, पोरगा हाय का पोरगी?"

मी फारशी बोलत नाही, हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नाही, म्हणून मला ते आवडायचे. इंग्रजी शाळेतली म्हणून रिपोर्ट वाचायचं काम माझ्याकडे. हॉस्पिटलचा संमतीचा कागदही मीच मराठीत सांगितला. कवटीला छोटंसं भोक, त्यातून दुर्बीण आत, गाठीचे तुकडे करून बाहेर. काका खुशीत मान डोलवत होते. पुढची ओळ होती, ऑपरेशननंतर नवं काही लक्षात न राहण्याचा धोका. काकू पदराचं टोक मुठीत धरून ऐकत होत्या. मी म्हटलं, "आणि बाकी नेहमीचंच," आणि काकांनी सही केली.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांनी डॉक्टरांपुढे स्वतः लिहिलेलं परमिट ठेवलं. कारखान्यात बंद टाकीत उतरण्याआधी लागतं, तसं. "सहीशिवाय आत कुणी शिरायचं नाय, डॉक्टर. आणि बाहेर लक्ष ठेवायला एक माणूस पायजे." डॉक्टरांनी हसत सही केली. बाहेरच्या माणसाच्या जागी माझं नाव होतं.

गाठ निघाली. डोकेदुखी गेली. पण तेव्हापासूनचं काहीच काकांच्या लक्षात राहत नाही. डॉक्टर म्हणाले, "कागदावर लिहिलं होतं की." काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

रोज संध्याकाळी काका विचारतात, "पोरी, माझं ऑपरेशन कधी हाय गं?"

"झालं, काका."

"झालं? आणि मी जगलो?" ते टाळी वाजवतात, आत हाक मारतात, "अगं ऐकलंस का, झालं म्हणे!" सुरुवातीला काकू हात पुसत बाहेर यायच्या. हल्ली आतून फक्त नळ सोडल्याचा आवाज येतो. काका हसऱ्या चेहऱ्याने दाराकडे बघत राहतात, आणि आपण कशाला हसत होतो हे ते विसरेपर्यंत मी शेजारी बसून असते.