उभ्यानं जयभीम

आमचे बाबा बसून जयभीम घालत नसत. समोर तहसीलदार असो की दारावर कोथिंबीर विकायला आलेली बाई असो, कोणी हात जोडले की ते आधी उठून उभे राहणार, दोन्ही हात जोडणार आणि मगच तोंड उघडणार. पालम तालुक्यातल्या शाळांमध्ये त्यांनी आयुष्यभर मास्तरकी केली. वर्गातली पोरं उभी राहिली की हेही खुर्चीतून उठायचे. बाकीचे मास्तर त्यांना हसायचे.

"माझ्या बापाला लोकायपुढं भिऊन उभं राहावं लागलं," असं ते मला सांगायचे. "मी मानानं उभा राहतो. त्यात लय फरक हाय."

मग एका हिवाळ्यात बाबांच्या अंगावरून वारं गेलं. लकव्याला आमच्याकडं असंच म्हणतात. डावा हात, डावा पाय गेला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. परभणीच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा आमच्या मनात एकच धास्ती होती, ती दुसऱ्या झटक्याची. मी घरात मिठाची हवालदार झाले. लोणच्याची बरणी शेजाऱ्यांकडं नेऊन ठेवली, बीपीचं मशीन उशाशी ठेवलं, गोळी जिभेखाली लपवली का तेही बघायला लागले. आईला वाटायचं मी अति करते, आणि करतही होते. बाबा म्हणायचे, "शाळंत साहेब तपासणीला यायचे, पर असा जाच न्हवता."

व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी यायची. तिनं शिकवलं, की उजव्या हातानं डावा हात धरायचा आणि हळूहळू वर उचलायचा. बाबांनी त्या व्यायामाचा पहिला उपयोग काय केला असेल? एके दिवशी ती मुलगी दारात आली, तर हे काठीवर भार देऊन खुर्चीतून उठले, काठी खुर्चीला टेकवली, उजव्या हातानं डावा हात उचलून छातीशी आणला आणि म्हणाले, "जयभीम." आई रडायला लागली. मी तर लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या. पुण्याच्या भावाला लगेच व्हिडिओ कॉल लावला आणि बाबांना सगळं पुन्हा करून दाखवायला लावलं.

त्यानंतर येईल त्याला ते पाहायला मिळायचं. कधी बाबा दमलेले असले तर आम्हीच म्हणायचो, "बाबा, दाखवा की." आठवलं की आज स्वतःचाच राग येतो.

ती मुलगी एकदा म्हणाली होती, "काका, काठी सोडत जाऊ नका. एका हातानं केलं तरी चालतं."

बाबा म्हणाले, "एका हातानं सलाम होतो पोरी, जयभीम न्हाई होत."

आम्ही सगळे हसलो. तीही हसली आणि विषय तिथंच राहिला.

पुढं एका सकाळी बाबांचा एक जुना विद्यार्थी लेकीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. मी आत भाकरी थापत होते. दारातूनच त्यानं मोठ्यानं "गुरुजी, जयभीम!" केलं. बाबांची खुर्ची सरकल्याचा आवाज मला ऐकू आला. हाताला पीठ होतं, उठावंसं वाटलं नाही. खरं सांगायचं तर बाबा काय म्हणतात ते मी कौतुकानं ऐकत होते. त्यांचा जयभीम खणखणीत आला. मग काठी पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ बाबा पडले.

ते डाव्या अंगावर पडले. टेकायला हात मोकळा नव्हता, दोन्ही जोडलेले होते. उभ्या जागेवरून पडले एवढंच, रक्त नाही, खोक नाही. आई म्हणाली, "मुका मार हाय, शेकू." आम्हालाही तसंच वाटलं. पण त्यांना उचलायला गेलो तेव्हा डावा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला होता आणि दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत होता.

खुब्याचं हाड मोडलं होतं. परभणीच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडाकडं धरून सांगितलं, "लकवा झालेल्या बाजूचं हाड वापर नसल्यानं ठिसूळ होतं, त्यात वय. आणि असा माणूस पडतो तो बहुतेक त्याच अंगावर. तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं?"

कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. मी मिठाचा कण न् कण राखत बसले आणि हाड कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

ऑपरेशन झालं, खुब्यात नवा गोळा बसवला. पण आधीच लुळा असलेला पाय पुन्हा भार घेईना. बाबा उठले नाहीत. त्यांची खाट आता पुढच्या खोलीत असते. कोणी आलं, दारात चपला काढल्याचा आवाज आला, की ते डोळे मिटून घेतात. मी म्हणते, "झोपलेत." लोक खाटेकडं बघून हात जोडतात, चहा घेऊन जातात.

परवा तो विद्यार्थी आला होता. खाटेपाशी बराच वेळ उभा राहिला. निघताना मला म्हणाला, "माझ्यामुळं झालं, ताई."

"तुमच्यामुळं न्हाई," मी म्हणाले. मनात मात्र वेगळंच चाललं होतं. येणाऱ्याला दारातच गाठून मी एवढंच सांगायला हवं होतं: आधी आत या, गुरुजींच्या शेजारी बसा, त्यांचा हात धरा आणि मग जयभीम म्हणा. बाबा कुरकुरले असते, पण बसल्या जागी राहिले असते. इतकं साधं होतं.

तो गेल्यावर बाबांनी डोळे उघडले. "गेला का?"

"गेला. एवढ्या लांबून आला होता. एक शब्द बोलायचा की बाबा."

"झोपून जयभीम घालू का त्याला?"

पांघरूण नीट करावं म्हणून मी ते थोडं उचललं. आत बाबांनी उजव्या हातानं डावा हात छातीशी घट्ट धरलेला होता.