यार्मिला रशियन नव्हती

ईशान आणि मैत्रेयी,

गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, रशियन आजी गेली का?" मी हो म्हटलं आणि फोन बंद केला. तुमच्या प्रश्नात काही वावगं नव्हतं. त्यातला एक शब्द चुकीचा होता आणि तो तुम्हाला माझ्याच घरातून मिळालेला होता. तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाची बायको, म्हणजे माझी जाऊ यार्मिला, पन्नासेक वर्षं पालघरला राहिली आणि जानेवारीतल्या एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच गेली. ती रशियन नव्हती, झेक होती. हे तिच्या हयातीतच तुम्हाला सांगायला हवं होतं... राहून गेलं. म्हणून आता पहिल्यापासून लिहिते.

श्रीधरभावजी मागाच्या यंत्रांचं शिक्षण घ्यायला तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात गेले होते. ते परतले आणि बोईसरच्या एका कापड कारखान्यात लागले; वर्षभराने यार्मिला आली. सासूबाईंनी धसका घेतला होता, पण दारात येताच तिने कुणी न सांगता चपला काढल्या आणि जोडीने भिंतीशी लावून ठेवल्या. त्यांच्याकडेही घरात पादत्राणं चालत नाहीत. मला तर ती त्याच क्षणी आवडली. सहा महिन्यांत ती मराठी बोलू लागली, दोन वर्षांत बाजारात घासाघीस करू लागली. सायकलवरून मासवणपर्यंत जायची. रस्त्यातली माणसं हात करून म्हणायची, "रशियन वहिनी चालल्या." त्या काळी गोरा माणूस यंत्रांच्या कामाने आला की तो रशियनच, असं सगळे धरून चालत.

मी बोईसरच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. एका स्नेहसंमेलनासाठी यार्मिलाने आमच्या मुलींची सामूहिक कवायत बसवून दिली. तिच्या लोकांना या कवायतीचं फार वेड. तिची आई, आजी, सगळ्या हजारोंच्या ओळीत उभ्या राहिलेल्या. तीन महिने ती रोज संध्याकाळी मैदानावर असायची. चुन्याने स्वतः खुणा आखायची, एखादी मुलगी चुकली तर न रागावता पुन्हा एकपासून मोजायला लागायची. कार्यक्रमाच्या दिवशी ऐंशी मुलींचे हात एकदम वर गेले. मी अभिमानाने माइक घेतला आणि म्हटलं, ही सगळी किमया आमच्या रशियन पाहुणीची. टाळ्या पडल्या. यार्मिलाने नमस्कार केला, मुलींना ओळीने आत नेलं, सगळ्यांना खाऊ वाटला आणि माझ्याबरोबर घरी आली.

घरी आल्यावर हात धुता धुता म्हणाली, "ताई, अडुसष्ट साली मी अठरा वर्षांची होते. सकाळी खिडकी उघडली तर खाली रणगाडा उभा. रशियन, आमचा देश ताब्यात घ्यायला आलेला. ते सैनिक अजून आमच्याकडेच आहेत, आणि तुम्ही मला त्यांचं नाव लावता."

मी ओशाळले, तरी बाजू मांडलीच. म्हटलं, इथे झेक म्हटलं तर कुणाला कळणार? रशियन म्हटलं की लगेच कळतं.

"नाही कळलं तर विचारू द्या त्यांना," ती म्हणाली.

एवढंच. पुन्हा तिने हा विषय काढला नाही. मी तिच्यासमोर नेहमी झेक म्हणत राहिले आणि तिच्या मागे कुणी रशियन म्हटलं तर सोडून देत राहिले. मुलांना वह्यांतल्या एकेका स्पेलिंगसाठी रागावणारी मी, इथे मात्र सोडून देत राहिले.

विचारलं ते लखमीने. लखमी मासवणकडच्या पाड्यावरची. पावसाळ्यात शेवळांची रानभाजी आणि अळंबी घेऊन पालघरच्या बाजारात बसायची. यार्मिला अळंबी उलटीपालटी करून, वास घेऊन, देठ पाहून घ्यायची, कारण रानात अळंबी शोधत फिरणं हा तिच्या माणसांचा सणच. लखमी तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुला अळंबी कळतं. तू कोनाची?" यार्मिला तिथेच बाजारात उकिडवी बसली आणि तिने सांगितलं, की फार पूर्वी चेख नावाचा एक म्हातारा आपली माणसं घेऊन चालत निघाला, एका एकट्या डोंगरावर चढला, खालची जमीन त्याला आवडली आणि तो तिथेच राहिला. म्हणून त्या माणसांना चेख म्हणतात. आपली वर्तमानपत्रं झेक लिहितात, ती स्वतः चेख म्हणायची. तिला दोन्ही चालत.

लखमीला यात काही नवल वाटलं नाही. म्हणाली, "आमचा पाडा पन तसाच. लाडक्या पैला आला, त्यानं झोपडं बांधलं. आमी लाडक्याची, तू चेखाची." त्या दिवसापासून ती तिला चेखबाय म्हणू लागली आणि मग सगळा पाडाच म्हणू लागला. शिकलेल्या आम्हा सगळ्यांना वर्षानुवर्षं जमलं नाही ते तिने एका प्रश्नात केलं.

पुढे नाताळच्या आदल्या दिवशी लखमी सूर्या नदीतला रोहू घेऊन यायची. घरात पापलेट असलं तरी यार्मिलाला त्यांच्या रीतीप्रमाणे त्या दिवशी नदीचाच मासा हवा असे. जेवताना प्रत्येकाच्या ताटाखाली ती एक खवलं ठेवायची; ते वर्षभर पाकिटात जपायचं, बरकत राहते. मी हसायचे आणि जपायचे.

पुढे तिच्या देशातून ते सैनिक गेले, मग देशाचेही दोन देश झाले. वर्तमानपत्राची घडी घालत ती म्हणाली होती, "नकाशा बदलतो, ताई. माणसं तीच." भावजी गेल्यावर मला वाटलं होतं ती परत जाईल. गेली नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं. तिच्यामागे हा शब्द सांभाळणारं आमच्या घरात कुणी नव्हतं, आणि माझ्यावर तिने कितपत भरवसा ठेवावा हे मला ठाऊक होतं.

ती गेल्यावर तिच्या कॉलनीतल्या लोकांनी प्रेमाने श्रद्धांजलीचा फलक करायला दिला. त्याचा फोटो मला मोबाइलवर आला: 'आपल्या सर्वांच्या रशियन वहिनी'. मी रिक्षा करून फ्लेक्सच्या दुकानात गेले. दुकानदार माझा जुना विद्यार्थी निघाला. त्याने खुर्ची दिली, ऐकून घेतलं आणि अदबीने म्हणाला, "मॅडम, अख्खं पालघर त्यांना रशियनच म्हणायचं. झेक लिहिलं तर कुणाला कळणार?"

माझंच वाक्य... चाळीस वर्षांनी माझ्यासमोर.

"नाही कळलं तर विचारू दे," मी म्हटलं.

त्याने फलक बदलून दिला. तो दहा दिवस कॉलनीच्या फाटकावर होता. चार-पाच जणांनी खरंच विचारलं आणि मी प्रत्येकाला त्या म्हाताऱ्याची, डोंगराची गोष्ट सांगितली. लखमीही नातवाच्या मोटरसायकलवर बसून आली. आता तिला नीट दिसत नाही आणि वाचता तर कधीच येत नव्हतं. फलकाखाली उभी राहून म्हणाली, "काय लिवलंय?" मी वाचून दाखवलं, 'यार्मिला, आपल्या झेक वहिनी'. ती म्हणाली, "मंग बराबर हाय." आणि थोड्या वेळाने, "ती चेखाची व्हती, हे आमी तुला पैल्यापासून सांगत व्हतो, बाय."

गेल्या नाताळला टेबलावर दोनच ताटं होती, तिचं आणि माझं. माझ्या ताटाखालचं खवलं माझ्या पाकिटात आहे, नखाएवढं, कडेला जरा पिवळं पडलेलं. मासवणकडच्या पाड्यावर ती अजून चेखबाय आहे. आणि ती कोण होती हे आता तुम्हा दोघांनाही ठाऊक आहे.