बऱ्या न झालेल्या हाताचे आभार

आमच्या ख्रिस्ती मंडळीत ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, म्हणजे लेंटमध्ये, रोज संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या घरी प्रार्थना असे. घरांच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. सतरंजी अंथरायची, दोन गीतं म्हणायची, शास्त्रातला एक उतारा वाचायचा आणि मग दारापासून सुरुवात करून एकेकानं मोठ्यानं प्रार्थना करायची. आपली पाळी चुकवता येत नसे. शेवटी गुळपाणी मिळे, कारण चहा बहुतेकांनी सोडलेला असे. मटणही सोडलेलं असे, आणि कोल्हापुरात राहून मटण सोडणं ही साधी गोष्ट नाही. शेजारच्या काकू दरवर्षी आईला म्हणायच्या, "आमचा श्रावण बरा की. निदान हवा तरी गार असती."

ही आठवण मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हाची. सत्तर साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, उद्यमनगरात फौंड्रीत कामाला होते आणि मंडळीत ढोलकी वाजवायचे. झावळ्यांच्या रविवारी, ईस्टरच्या बरोबर एक आठवडा आधी, आम्ही सगळे झावळ्या घेऊन रस्त्यानं गात निघायचो, तेव्हा सर्वांत पुढं आप्पांची ढोलकी असायची. त्या वर्षी नाताळनंतर कामावर साच्याची लोखंडी चौकट त्यांच्या उजव्या हातावर पडली. प्लास्टर निघालं, पण बोटं वाळक्या शेंगांसारखी ताठच राहिली. मूठ मिटेना. डॉक्टरांनी हात हलवत राहायला सांगितलं होतं. आप्पांनी तो सदऱ्याच्या खिशात घातला आणि प्रार्थनेला यायचंच बंद केलं. जो तो हात बघायला मागतो, हे त्यांना सोसत नव्हतं. ढोलकी खुंटीला लागली. "औंदा दुसरं कुनीतरी बडवंल," एवढंच ते म्हणाले. बोटांपेक्षा हे बोलणं आईला आणि मला जास्त लागलं.

झावळ्यांच्या रविवारला तीन आठवडे उरले असताना पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं की, विश्वासानं मागणारा माणूस मिळायच्या आधीच आभार मानतो. मला ते फार पटलं. कॉलेजात जाणारा आमच्या घरातला मी पहिलाच. काही नवीन ऐकलं की ते वापरून बघितल्याशिवाय मला राहवत नसे. दुसऱ्या दिवशीची प्रार्थना उचगावच्या रस्त्याला राहणाऱ्या, नोकरीतून निवृत्त झालेल्या नर्सबाईंकडं होती. माझी पाळी आल्यावर मी डोळे घट्ट मिटले आणि म्हणालो, "प्रभू, आप्पांचा हात तू बरा केलास, त्यांची बोटं मोकळी केलीस, म्हणून तुझे आभार मानतो."

लोकांनी इतक्या जोरात आमेन म्हटलं की माझ्या विश्वासालाच दाद मिळाली असं मला वाटलं. गुळपाणी पिताना जो तो माझी पाठ थोपटत होता. का थोपटतात, ते मला सकाळी कळलं.

सकाळी सातलाच पाळकसाहेब सायकलवरून आले. त्यांच्या मागोमाग आणखी दोघं केळ्यांची फणी घेऊन आले. आप्पांचा उजवा हात खिशातच होता, म्हणून पाळकसाहेबांनी डावा धरून हलवला आणि झावळ्यांच्या रविवारी ढोलकी तुमचीच, असं जाहीर करून टाकलं. आप्पा एकदा त्यांच्याकडं आणि एकदा माझ्याकडं बघत राहिले. चारचौघांत मला खोटं पाडणं त्यांच्या जिवावर आलं असावं. पाहुणे गेल्यावर त्यांनी मला समोर बसवलं.

"नवरदेव अजून वेशीवर न्हाय, आनि तू हळद खेळून मोकळा झालास व्हय रे?"

मी चाचरत उपदेशाचा आधार सांगू लागलो.

"विश्वास तुझा," आप्पा म्हणाले, "आनि बोटं माझी."

आई चुलीकडं तोंड करून बसली होती. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती, मला मात्र रडू येत होतं.

त्या संध्याकाळी माझी पाळी आली तेव्हा मी डोळे उघडे ठेवूनच सांगितलं की आप्पांचा हात बरा झालेला नाही, मी आभार आधीच मानले होते. मग नर्सबाई म्हणाल्या की त्यांना कालच शंका आली होती. "हात बरा असता तर तुझा बाप ढोलकी घेऊन स्वतःच आला असता." सगळे हसले, पाळकसाहेब जरा उशिरा हसले.

"मानलेले आभार काही परत घेता येत नाहीत," नर्सबाई म्हणाल्या. "आता हाताचं बघूया."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आमच्याकडं आल्या. आप्पा हात दाखवायला तयार होईनात. तेव्हा नर्सबाईंनी आईला विचारलं की या घरात मूठ कोण घालतं. आमच्यात रोज स्वयंपाकाआधी घरातल्या प्रत्येकानं मूठभर धान्य एका डब्यात टाकायची रीत होती. रविवारी ते चर्चमध्ये न्यायचं आणि गरजू घरांना वाटायचं. अपघातापासून आप्पांची मूठ आईच घालत होती.

"हे चालायचं नाही," नर्सबाई म्हणाल्या. "ज्याची मूठ त्यानं घालायची."

धर्माचा मुद्दा निघाल्यावर आप्पांना नाही म्हणता आलं नाही. त्यांनी जोंधळ्याच्या पोत्यात हात घातला. वर आले ते दाणे एका चिमणीलाही पुरले नसते, बाकीचे जमिनीवर सांडले. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ हात गरम पाण्यात शेकायचा आणि मग मूठ घालायची, असा नेम झाला. काकूंच्या कोंबड्या वेळेवर आमच्या उंबऱ्याशी येऊन बसू लागल्या. आप्पा त्यांना शिव्या द्यायचे आणि पुन्हा पोत्यात हात घालायचे. दुसऱ्या आठवड्यात अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं वळू लागली. मग कोंबड्यांची गर्दी जरा कमी झाली.

झावळ्यांच्या रविवारी आप्पांनी ढोलकी गळ्यात अडकवली. डावा हात पहिल्यासारखाच घुमत होता. उजव्या हाताची थाप मधेच हुकायची. त्यांच्या लगेच मागं चालणाऱ्या बायकांच्या ते ध्यानात आलं आणि थाप हुकली की तिथं त्या टाळी देऊ लागल्या. कोपरा वळेपर्यंत मागची पोरंही टाळी देऊ लागली. रस्त्याकडेचा पानवाला कौतुकानं बघत होता. "पावणं, औंदा चाल लई भारी बसवलीया की," तो म्हणाला. आप्पांनी नुसती मान डोलवली.

त्याच आठवड्यात प्रार्थनेची पाळी आमच्या घरी आली. आप्पा मुद्दाम दाराशी बसले, म्हणजे सुरुवात त्यांनाच करायची होती. त्यांनी दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवले होते.

"बापा," ते म्हणाले, "तीन बोटं दिलीस, ती मिळाली. दोन तुझ्याकडं हायत. सवडीनं दे, घाई न्हाय. आनि आमच्या पोराला जरा दम धरायला शिकव. आमेन."

नर्सबाईंनी पदर तोंडाला लावला. आप्पांच्या शेजारी मी होतो, म्हणून पुढची पाळी माझी. सगळे थांबले होते. मी आधी आप्पांची वळणारी बोटं मोजली, आणि मग तीन बोटांचे आभार मानले.